नव शापेल

फ्रान्सच्या उत्तर भागातील पा-द-कॅले विभागातील एक लहान शेतीप्रधान खेडे. वस्ती सु. एक ते दीड हजार. ते बेत्यून शहराच्या ईशान्येस सु. १२ किमी., तर लील या महानगराच्या पश्चिमेस सु. २० किमी. अंतरावर, समुद्रसपाटीपासून सु. २० मी. उंचीवर वसले आहे. दक्षिणेस सु. सहा किमी.वर ला बासे हे बाजाराचे गाव व पूर्वेस सु. तीन किमी.वर ओबेर हे खेडे आहे. २०१६ पासून हा प्रदेश ओ-द-फ्रान्स या नव्या प्रशासकीय प्रांतात मोडतो. ‘नव शापेल’ या फ्रेंच नावाचा अर्थ ‘नवे प्रार्थनामंदिर’ असा आहे. त्यातील ‘नव’ हा शब्द लॅटिनमधून आलेला असून संस्कृत ‘नव’ शब्दाशी त्याचे मूळचे नाते आहे. आकाराने व वस्तीने या गावाला फ्रान्समध्ये काही विशेष स्थान नाही; परंतु पहिल्या महायुद्धात १९१४ व १९१५ साली येथे भारतीय सैनिक मोठ्या संख्येने लढले व मरण पावले. फ्रान्स व बेल्जियम येथील रणभूमीवर कामी आलेल्या, पण ज्यांची थडगी ज्ञात नाहीत अशा भारतीयांचे मुख्य स्मारकही येथेच आहे. त्यामुळे या खेड्याचे नाव भारताच्या आधुनिक इतिहासाशी कायमचे जोडले गेले आहे.

भूमी व पाणी : लीस ही शेल्ट नदीची उपनदी होय. तिच्या दक्षिणेकडील सपाट, सखल मैदानात नव शापेल वसले आहे. येथील माती गाळाची व चिकण असून ती सुपीक आहे. मात्र पाण्याचा निचरा हा या भूमीचा जुना प्रश्न आहे. हिवाळ्यात भूजलाची पातळी इतकी वर येते, की कमरेइतके खणण्यापूर्वीच खड्ड्यात पाणी साचू लागते. म्हणून शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शेतांच्या कडेने चर खणून, त्यांची निगा राखून हे पाणी ओहोळांत सोडले आहे. चरांच्या काठी वाळुंजाची (विलो) झाडे लावण्याची व त्यांचे शेंडे ठरावीक वर्षांनी छाटण्याची या भागात जुनी प्रथा आहे. छाटलेल्या फांद्या सरपण व कुंपणासाठी उपयोगी पडतात आणि मुळे चराचा काठ धरून ठेवतात. गावाच्या पूर्वेकडून लेय नावाचा लहानसा ओढा वाहतो. त्याच्या पलीकडे ब्वा द्यू बिए हे छोटे वन असून त्यामागे भूमी हळूहळू चढत ओबेरच्या कटकापर्यंत जाते.

हा कटक मैदानाहून जेमतेम वीस मीटर उंच आहे. डोंगराळ मुलखातील माणसाला तो उंचवटाही वाटणार नाही. तथापि सभोवार सपाटी असल्याने त्यावरून दूरवरची शेते, रस्ते व चर्चचे मनोरे स्पष्ट दिसतात. शिवाय कटकावरील जमीन कोरडी, तर पायथ्याची ओलसर. शांततेच्या काळात शेतकऱ्यापुरता मर्यादित असलेला हा भेद युद्धकाळात हजारो माणसांच्या जीविताशी निगडित झाला.

शेती व वस्ती : गहू, बटाटे, शर्कराकंद, मका व भाजीपाला ही येथील मुख्य पिके होत. लीसचे खोरे अळशीच्या धाग्याकरिता (लिनन) पूर्वापार प्रसिद्ध आहे. गव्हाची पेरणी शरद ऋतूत होते, बटाटे वसंतात लावून हेमंताच्या आरंभी काढतात आणि शर्कराकंदाची काढणी थंडी सुरू होईपर्यंत चालते. शेतीला दुभत्या गाईंची जोड आहे. येथील जुन्या पद्धतीचे शेतघर भाजक्या विटांचे व कौलारू असते. राहते घर, गोठा, धान्याचे कोठार आणि अवजारांची पडवी ही मधल्या चौकाभोवती बांधलेली असल्याने बाहेरून ते एखाद्या छोट्या गढीसारखे दिसते. गावाची घरे एका ठिकाणी दाटीने नसून रस्त्यांच्या कडेने विखुरलेली आहेत. फ्रान्समधील इतर गावांप्रमाणे येथेही निर्वाचित नगरपरिषद व तिने निवडलेला महापौर (मेर) गावाचा कारभार पाहतात. १८८४ च्या कायद्याने हजार वस्तीच्या खेड्याला आणि मोठ्या शहराला त्या देशात जवळजवळ सारखीच प्रशासकीय चौकट लाभली आहे.

दक्षिणेकडील लांस–बेत्यून पट्टा कोळशाच्या खाणींचा होता. तेथील शेवटची खाण १९९० मध्ये बंद पडली. उत्तर व पूर्व बाजूंस लील व आर्मांत्येर ही कापडउद्योगाची केंद्रे विकसित झाली. अशा दोन औद्योगिक प्रदेशांच्या मध्ये असूनही नव शापेल शेतकऱ्यांचेच गाव राहिले.

१९१४ चा रणसंग्राम : ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर दोन्ही पक्षांची सैन्ये एकमेकांना बगल देत उत्तरेकडे समुद्रापर्यंत सरकली. ऑक्टोबरच्या मध्यास जर्मनांनी लील घेतले आणि त्या महिन्याच्या अखेरीस लढाईची रेषा नव शापेलजवळ स्थिरावू लागली. भारतातून पाठविलेल्या लाहोर व मीरत या दोन डिव्हिजनांचे सैनिक २६ सप्टेंबरपासून मार्से बंदरात उतरू लागले होते. तेथे त्यांना नव्या नमुन्याच्या बंदुका देण्यात आल्या व रेल्वेने त्यांना उत्तरेकडे नेण्यात आले. त्यांपैकी अनेकांच्या अंगावर अद्याप उष्ण प्रदेशातील पातळ गणवेशच होते.

ऑक्टोबरच्या २६ व २७ तारखांस जर्मनांनी नव शापेल जिंकले. २७ तारखेस त्यांच्या तोफखान्याने नाक व डोळे चुरचुरविणारे रसायन भरलेले गोळे येथे वापरले. त्यांचा परिणाम इतका क्षीण होता, की समोरच्या सैनिकांच्या तो ध्यानातही आला नाही. तरी युद्धात रासायनिक द्रव्ये वापरण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. दुसऱ्या दिवशी, २८ ऑक्टोबरला, ४७ वी शीख पलटण, ९ वी भोपाळ पायदळ पलटण आणि तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्स (सफरमैना) दलाच्या २० व २१ क्रमांकांच्या कंपन्या यांनी गावावर प्रतिहल्ला केला. उघड्या शेतांतून धावत जाऊन शीख व सफरमैना सैनिक गावात शिरले व घराघरांतून संगिनींची झुंज झाली. मदत न पोहोचल्याने त्यांना माघार घ्यावी लागली. माघारीत झालेली हानी चढाईतील हानीपेक्षाही भयंकर होती. दोन्ही सफरमैना कंपन्यांचे जवळजवळ सर्व ब्रिटिश अधिकारी ठार वा जायबंदी झाले.

तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सचे ठाणे पुण्याजवळील खडकी येथे होते. हेच दल पुढे ‘बाँबे सॅपर्स’ या नावाने ओळखले जाऊ लागले व आजही त्याचे केंद्र खडकीसच आहे. मराठे, शीख आणि मुसलमान अशा तिन्ही समाजांतील जवान त्यात असत. पूल बांधणे, रस्ते करणे व सुरुंग लावणे हे त्यांचे मूळ काम; परंतु त्या दिवशी त्यांचा उपयोग पायदळ म्हणून करण्यात आला. एका दिवसात इतके प्रशिक्षित कारागीर-सैनिक गमावल्यामुळे त्या दलाची मोठी हानी झाली. ओल्या भूमीवर खंदक व भिंती उभारण्यासाठी पुढे अशाच माणसांची सर्वाधिक गरज भासणार होती.

हिवाळा येताच भूमीचा स्वभाव प्रकट झाला. खणलेले खंदक पाण्याने भरले, शेतकऱ्यांच्या चरांची देखभाल थांबली, तोफगोळ्यांनी ते जागोजाग फुटले आणि निचऱ्याची शतकांची व्यवस्था मोडून पडली. अखेर खाली खणण्याऐवजी मातीने भरलेली पोती व लाकडे रचून जमिनीवरच छातीइतक्या भिंती उभाराव्या लागल्या. भारतीय सैनिकांनी गुडघाभर चिखलात हा हिवाळा काढला. त्यांच्या पत्रांची तपासणी करण्यासाठी स्वतंत्र कचेरी स्थापन झाली होती. तिच्या दप्तरामुळे त्या पत्रांचा काही भाग भाषांतरित रूपात शिल्लक राहिला आहे. त्यांत मृत्यूच्या वर्णनांबरोबरच फ्रान्सची सुपीक शेते, धष्टपुष्ट जनावरे, पुरुष रणात गेल्यावर एकट्याने शेत सांभाळणाऱ्या स्त्रिया आणि मुलींचे शिक्षण यांविषयीचे कुतूहल वारंवार आढळते. पत्रे लिहिणारे वा लिहवून घेणारे बहुतेकजण स्वतः शेतकरी कुटुंबांतील होते.

१९१५ ची लढाई : नव शापेल जिंकून ओबेरचा कटक घ्यावा व लीलकडे जाणाऱ्या मार्गाला धोका निर्माण करावा, असा बेत ब्रिटिशांच्या पहिल्या सेनेचा प्रमुख डग्लस हेग याने आखला. चढाईसाठी ब्रिटिशांची चौथी कोअर व जेम्स विलकॉक्सच्या आधिपत्याखालील भारतीय कोअर यांची योजना झाली. विमानांतून छायाचित्रे घेऊन शत्रूच्या खंदकांचे तपशीलवार नकाशे आगाऊ तयार करण्यात आले. लढाईच्या पूर्वतयारीत या साधनाचा इतक्या पद्धतशीरपणे उपयोग होण्याचे हे आरंभीचे उदाहरण आहे. १० मार्च १९१५ रोजी सकाळी साडेसातला सु. ३४० तोफांनी ३५ मिनिटे भडिमार केला आणि ८ वाजून ५ मिनिटांनी पायदळ निघाले.

दक्षिणेकडून मीरत डिव्हिजनच्या गढवाल ब्रिगेडने हल्ला केला. बहुतेक आघाडीवर काटेरी तारांचे कुंपण तोफांनी तुटले होते. परंतु ३९ व्या गढवाल रायफल्सची पहिली पलटण दिशा चुकून उजवीकडे वळली व न तुटलेल्या तारांवर जाऊन आदळली. तेथे तिची अपरिमित हानी झाली. उत्तरेच्या टोकासही ब्रिटिश पलटणींवर असाच प्रसंग ओढवला. मध्यभागी मात्र यश आले व सकाळीच गाव हाती लागले. गढवाल रायफल्सच्या दुसऱ्या पलटणीतील गबर सिंग नेगी हा जवान शत्रूच्या खंदकात सर्वप्रथम शिरून एकेक वळण जिंकत पुढे गेला व त्या झुंजीतच मरण पावला. त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. उत्तराखंडातील टेहरी गढवाल जिल्ह्यात चंबा येथे त्याच्या स्मरणार्थ दरवर्षी मेळा भरतो.

आरंभीच्या यशाचा लाभ घेता आला नाही. तोफगोळ्यांनी दूरध्वनीच्या तारा तुटल्या. पुढील तुकड्यांचे निरोप मागे व मागील आज्ञा पुढे पोहोचण्यास तास लागू लागले. मधल्या वेळेत जर्मनांनी लेय ओढ्याच्या व वनाच्या बाजूस यंत्रबंदुका मांडल्या. ११ मार्चला धुक्यामुळे तोफखान्याला लक्ष्य दिसेना. १२ तारखेस जर्मनांचा प्रतिहल्ला परतविण्यात आला, पण पुढे सरकण्याइतके गोळे उरले नव्हते. १३ मार्चला मोहीम थांबली. जिंकलेला पट्टा दोन किमी.हून कमी रुंद व सु. एक किमी. खोल होता. ओबेरचा कटक जर्मनांकडेच राहिला. ठार, जखमी व बेपत्ता मिळून ब्रिटिश पक्षाची हानी साडेअकरा हजारांच्या आसपास होती. तीत भारतीय कोअरमधील चार हजारांहून अधिक माणसे होती. जर्मनांची हानीही जवळपास तितकीच झाली.

या लढाईचे परिणाम रणभूमीपुरते मर्यादित राहिले नाहीत. तोफगोळ्यांच्या टंचाईचा प्रश्न इंग्लंडमध्ये ऐरणीवर आला. मे १९१५ मध्ये तेथे संमिश्र मंत्रिमंडळ आले आणि युद्धसामग्रीसाठी स्वतंत्र खाते स्थापन झाले. दीर्घ भडिमाराखेरीज चढाई नको, असा निष्कर्ष सेनापतींनी काढला व पुढील वर्षांच्या लढायांवर त्याची छाप पडली. भारतीय पायदळ १९१५ च्या अखेरीस फ्रान्समधून हलवून मेसोपोटेमियाकडे पाठविण्यात आले. घोडदळ मात्र १९१८ च्या वसंतापर्यंत फ्रान्समध्ये होते. फ्रान्स व फ्लँडर्समधील या भारतीय सैनिकांच्या अनुभवावर चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ (१९१५) ही हिंदी कथा व मुल्कराज आनंद यांची ॲक्रॉस द ब्लॅक वॉटर्स ही इंग्रजी कादंबरी आधारलेली आहे.

विध्वंस व पुनर्रचना : १९१५ नंतर गाव ब्रिटिश आघाडीच्या लगत राहिले. ९ एप्रिल १९१८ रोजी लीसच्या लढाईत जर्मनांनी येथून जोराचा हल्ला केला. या आघाडीवर असलेल्या पोर्तुगीज डिव्हिजनची फळी फुटली व हजारो पोर्तुगीज सैनिक कैद झाले. त्या वर्षीच्या शरद ऋतूत दोस्त सैन्याने हा प्रदेश परत घेतला, तेव्हा गावात उभे घर राहिले नव्हते.

युद्धानंतर परतलेल्या कुटुंबांनी प्रथम लाकडी व पत्र्याच्या झोपड्यांतून आसरा घेतला. एप्रिल १९१९ च्या फ्रेंच कायद्याने युद्धग्रस्तांना संपूर्ण नुकसानभरपाईचा हक्क दिला व विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात विटांची नवी घरे, शाळा, चर्च व महापौरकचेरी उभी राहिली. घरांहूनही जमीन पूर्ववत करणे कठीण होते. खंदक व विवरे बुजविणे, तारा गोळा करणे, न फुटलेले गोळे हलविणे आणि चर पुन्हा आखून पाण्याला वाट करून देणे, ही कामे झाल्याखेरीज नांगर धरता येत नव्हता. गावात आज दिसणाऱ्या जुन्या वास्तू म्हणूनच शंभर वर्षांच्या आसपासच्या आहेत. ज्या प्रार्थनामंदिरावरून गावास नाव मिळाले, त्याचा काळ त्याहून कितीतरी मागचा असला, तरी दृश्य गाव मात्र युद्धोत्तर आहे.

भारतीय स्मारक : गावाच्या नैऋत्येस सु. ८०० मी. अंतरावर, ला बासे–एस्तेर रस्त्यावरील ला बाँब या चौकात भारतीय स्मारक आहे. युद्धकाळात ब्रिटिश सैनिक या चौकास ‘पोर्ट आर्थर’ म्हणत. गढवाल ब्रिगेडची चढाई याच बाजूने झाली होती. स्मारकास नव शापेलचे नाव असले, तरी त्याची जागा शेजारच्या रिशबूर या गावाच्या हद्दीत येते.

स्मारकाचा आराखडा वास्तुशिल्पज्ञ हर्बर्ट बेकर याने केला. नवी दिल्लीतील सचिवालयाच्या दोन इमारती व जुने संसद भवन हीही त्याचीच रचना होय. शिल्पकाम चार्ल्स व्हीलर याचे आहे. वर्तुळाकार प्रांगणाचा अर्धा घेर सांचीच्या स्तूपाभोवतीच्या वेदिकेची आठवण करून देणाऱ्या जाळीदार दगडी कठड्याचा असून उरलेला अर्धा सलग भिंतीचा आहे. या भिंतीवर नावे कोरलेली आहेत. कठड्याच्या मध्यावर सु. १५ मी. उंचीचा स्तंभ असून त्याच्या शिरोभागी कमळ, त्यावर ब्रिटिश राजमुकुट व ‘स्टार ऑफ इंडिया’ आहे. स्तंभाच्या दोन्ही अंगांस दोन व्याघ्रशिल्पे राखणदारासारखी बसविली आहेत. घुमटी असलेल्या दोन छोट्या छत्र्या रचनेला पूर्णत्व देतात. स्तंभाच्या खालच्या भागावर ‘ईश्वर एक आहे व विजय त्याचाच आहे’ अशा आशयाची वचने इंग्रजी, अरबी, हिंदी व गुरुमुखी यांत कोरलेली आहेत. भिन्न धर्मांच्या मृतांना एकाच वास्तूत स्मरताना कोणत्याही एका धर्माचे चिन्ह प्रमुख न ठरावे, या हेतूशी ही योजना सुसंगत आहे. राजमुकुट व कमळ यांचे एकत्र असणे मात्र ते सैनिक ज्या राजवटीसाठी लढले, तिचीही आठवण ठेवते.

स्मारकावर ४,७०० हून अधिक नावे आहेत. त्यांत सैनिकांबरोबर श्रमिकही आहेत. नावांची मांडणी जात वा धर्म यांनुसार नसून पलटण व हुद्दा यांनुसार आहे. ही माणसे अविभाजित भारतातील असल्याने त्यांची गावे आज भारत, पाकिस्तान व बांगला देश अशा निरनिराळ्या देशांत विभागली गेली आहेत. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी तत्कालीन भारतमंत्री लॉर्ड बर्कनहेड याच्या हस्ते स्मारकाचे अनावरण झाले. फ्रेंच सेनापती मार्शल फॉश, कपूरथळ्याचे महाराजा व लेखक रड्यर्ड किपलिंग हे त्या प्रसंगी उपस्थित होते. पूर्व जर्मनीतील त्सेरेन्सडॉर्फ येथील भारतीय दफनभूमीची देखभाल अशक्य झाल्यामुळे तेथील २१० मृतांची नावे असलेला ब्राँझचा फलक १९६४ मध्ये येथे बसविण्यात आला. स्वतंत्र भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ११ एप्रिल २०१५ रोजी येथे आदरांजली वाहिली. फ्रान्समध्येच व्हिलेर-गिस्लँ येथे स्वतंत्र भारताने उभारलेल्या स्मारकाचे उद्‌घाटन उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांनी १० नोव्हेंबर २०१८ रोजी केले.

नव शापेलच्या स्मारकाचे विशेष महत्त्व नावांमध्ये आहे. दूरच्या देशांतून आणलेल्या सैनिकांचे स्मरण त्या काळी सर्वत्र सारखेपणाने केले गेले नाही. इराकमधील बसरा येथील मोठ्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली. भारतीयांपैकी मात्र अधिकाऱ्यांचीच नावे आली व साध्या शिपायांची केवळ संख्या नोंदविण्यात आली. पूर्व आफ्रिकेतील असंख्य हमालांच्या वाट्याला तेवढीही नोंद आली नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या विशेष समितीने २०२१ च्या अहवालात हा भेदभाव मान्य केला. या पार्श्वभूमीवर नव शापेल येथे शिपाई, सफरमैना, घोडेवाला व श्रमिक यांची नावे एकाच भिंतीवर आढळतात, ही गोष्ट उल्लेखनीय ठरते. यांपैकी अनेकांच्या घरी मृत्यूची वार्ता पोहोचली, पण अस्थी वा रक्षा पोहोचली नाही. भिंतीवरील ओळ हीच त्यांची एकमेव खूण होय.

इतर स्मृतिस्थळे : भारतीय स्मारकापासून जवळच पोर्तुगीज लष्करी दफनभूमी आहे. तीत १,८३१ थडगी असून त्यांतील अनेक अनामिकांची आहेत. रस्त्याच्या पलीकडे फातिमाच्या मेरीमातेचे छोटे प्रार्थनामंदिर आहे. नव शापेलमधील रस्त्याच्या कडेचा एक क्रूस १९१८ च्या भडिमारात टिकून राहिला. त्यावरील ख्रिस्तमूर्तीचे पाय व एक हात मात्र तुटले. लढाईस चाळीस वर्षे झाल्यानिमित्त १९५८ मध्ये ही भग्न मूर्ती फ्रान्सने पोर्तुगालला दिली. ‘खंदकांतील ख्रिस्त’ म्हणून ओळखली जाणारी ती मूर्ती पोर्तुगालमधील बाताल्याच्या मठात अज्ञात सैनिकाच्या समाधीपाशी ठेवलेली आहे.

गावाच्या परिसरात ब्रिटिश सैनिकांच्या दोन लहान दफनभूमी आहेत. त्यांपैकी एक १९१५ च्या लढाईच्या दिवसांतच एका शेतघरालगत सुरू झाली व त्या घरावरूनच ओळखली जाते. पश्चिमेस सु. पाच किमी.वरील ल तुरे येथील स्मारकावर या आघाडीवर बेपत्ता झालेल्या तेरा हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत. ओबेरच्या दिशेने शेतांतून जर्मनांनी बांधलेली काँक्रीटची ठाणी अजून दिसतात. त्यांची जाडी इतकी आहे, की ती फोडण्यापेक्षा त्यांच्या भोवतीने नांगर फिरविणे शेतकऱ्यांना परवडते. फ्रान्समधील बहुतेक प्रत्येक गावाप्रमाणे येथेही गावच्या स्वतःच्या मृतांचे स्मारक आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने पश्चिम आघाडीवरील पहिल्या महायुद्धाच्या १३९ समाधि- व स्मृतिस्थळांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. नव शापेलचे भारतीय स्मारक व रिशबूरची पोर्तुगीज दफनभूमी ही त्यांपैकी आहेत.

जमिनीतील अवशेष : या मैदानात युद्ध हा केवळ स्मारकांचा विषय नाही. खोल नांगरणीत व बटाटे काढताना न फुटलेले गोळे, शिशाच्या गोळ्या आणि तारांचे तुकडे आजही वर येतात. असे गोळे शेतकरी न हलविता अधिकाऱ्यांना कळवितात व सुरुंगनाशक पथके ते घेऊन जातात. गोळा केलेल्या दारूगोळ्याचा साठाही निर्धोक नसतो. पा-द-कॅलेमधील व्हिमी येथील अशा साठ्यामुळे एप्रिल २००१ मध्ये आसपासच्या हजारो रहिवाशांना काही दिवस स्थलांतर करावे लागले होते.

कधी कधी मानवी अवशेषही सापडतात. २०१६ मध्ये रिशबूर येथे खोदकाम चालू असता ३९ व्या गढवाल रायफल्सच्या दोन सैनिकांचे अवशेष मिळाले. गणवेशावरील चिन्हांमुळे त्यांची पलटण कळली. नावे कळू शकली नाहीत. नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्तरेस सु. पाच किमी.वरील लाव्हांतीच्या लष्करी दफनभूमीत त्यांना सन्मानपूर्वक विसावा देण्यात आला. स्मारकाच्या भिंतीवरील गढवाल रायफल्सच्या नावांत या दोघांची नावे असण्याचा संभव आहे. परंतु ती कोणती, हे भिंतीकडे पाहून सांगता येत नाही.

सद्यःस्थिती : दुसऱ्या महायुद्धानंतर यांत्रिकीकरण व विखुरलेल्या तुकड्यांचे एकत्रीकरण यांमुळे उत्तर फ्रान्समधील शेतकऱ्यांची संख्या घटली व शेतांचे क्षेत्र वाढले. १९६२ पासूनच्या युरोपीय समान कृषिधोरणाने या बदलास चालना दिली. नव शापेलही त्यास अपवाद नाही. लील व बेत्यून येथे कामास जाणारी कुटुंबे गावात राहू लागल्याने नव्या घरांची भर पडली आहे. तथापि गावाभोवतालचे दृश्य अजून शेतांचेच आहे. भारतीय स्मारकाच्या जाळीदार कठड्यापलीकडे पिके उभी असतात. चरांची निगा दरवर्षी राखावी लागते. स्मारकाच्या भिंती व हिरवळीची निगा युद्धसमाधी आयोगाचे माळी राखतात. स्थानिक शेतकऱ्यांच्या पूर्वजांची घरे ज्या लढायांत नष्ट झाली, त्याच लढायांत दूरदेशीचे शेतकरी-सैनिक मरण पावले. या दोहोंची स्मृती एकाच भूमीत राखली जाणे, हे या लहानशा गावाचे वैशिष्ट्य होय.